सीमाभागात लिब्रेऑफिसचा एक दिवसाचा मेळावा: तारखेपासून बातमीपर्यंत

लिब्रेऑफिस म्हणजे पत्रे, तक्ते आणि सादरीकरणे करण्याचे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर, आणि तो जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प आहे. २८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिस.ऑर्ग या जुन्या ऑफिस सॉफ्टवेअरपासून वेगळा होऊन तो उभा राहिला. बर्लिनची ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ त्याचा कारभार पाहते. वर्षातून एकदा जागतिक परिषद भरते, पहिली २०११ साली पॅरिसला झाली. आशियातल्या लोकांसाठी वेगळी परिषद २०१९ साली टोकियोत सुरू झाली. या मोठ्या परिषदांच्या जोडीला ठिकठिकाणी वीस-पंचवीस माणसांचे एक दिवसाचे मेळावे होतात. तसा मेळावा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा अथणीत कसा भरवायचा, त्याची ही रीत.

मेळावा कशासाठी भरवायचा हे आधी ठरवा. सीमाभागात एकाच कागदावर मराठी आणि कन्नड लिहायची वेळ सतत येते. सोसायटीच्या सभेची सूचना मराठीत आणि तिचाच तालुका कचेरीत द्यायचा अर्ज कन्नडात, मंडळाच्या पावतीवर दोन्ही लिप्या, शाळेच्या दाखल्यात एका ओळीत दोन्ही. देवनागरी आणि कन्नड एकत्र असलेल्या फाइली पुण्या-मुंबईत फारशा कोणी तपासत नाही, बर्लिनमध्ये तर नाहीच. ही तपासणी आपण केली नाही तर ती होत नाही. म्हणून दिवसाचा सगळ्यात मोठा वेळ याच कामाला द्या. निव्वळ ‘लिब्रेऑफिसची ओळख’ सांगणारी भाषणे ठेवली तर लोक टाळ्या वाजवून घरी जातात आणि प्रकल्पात काहीच जमा होत नाही.

तारीख

लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. २०२४ पासून आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो: २४.२, २४.८, २५.२, २५.८. अल्फा आणि बीटा या चाचणी आवृत्त्या त्याआधी दोन-तीन महिने, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर आणि मे-जूनमध्ये येतात. त्या काळात सापडलेला दोष अंतिम आवृत्तीपूर्वी दुरुस्त होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून मेळावाही तेव्हाच धरावा.

आता हे आपल्या कॅलेंडरवर बसवा. १ नोव्हेंबरच्या आगेमागे बेळगावात मिरवणुका, काळा दिन आणि पोलीस बंदोबस्त असतो. सभागृह मिळाले तरी बाहेरगावची माणसे पोहोचत नाहीत. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असले की शहरातली लॉज भरलेली असतात आणि रस्ते अडवलेले असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीचे रविवार कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांच्या साहित्य संमेलनांनी घेतलेले असतात आणि आपल्याला हवी असलेली माणसे तिथेच असतात. जूनच्या मध्यानंतर खानापूर तालुक्यात पाऊस असा लागतो की वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा राहत नाही. उरतात दोन चांगल्या जागा: नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, आणि मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. नोव्हेंबरचा पंधरवडा अधिक सोयीचा, कारण मे महिन्यात लग्नसराई असते. पाहुणा कोल्हापूरहून येणार असेल तर त्याला बसबरोबर मिरजमार्गे रेल्वेचाही पर्याय सांगून ठेवा. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बस अचानक थांबतात, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्याला ठाऊक असेलच असे नाही.

जागा आणि वीज

मंगल कार्यालयापेक्षा शाळेची किंवा महाविद्यालयाची संगणक खोली बरी. तिथे टेबले असतात, वायरिंग असते आणि दुपारी शेजारी लग्नाचा बँड वाजत नाही. पण आठवडाभर आधी स्वतः जाऊन चार गोष्टी पाहा.

पहिली, विंडोजची आवृत्ती. शाळांत अजून विंडोज ७ आणि ८ सापडतात आणि २५.८ पासून लिब्रेऑफिस त्यांवर चालत नाही. अशा संगणकांवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) बसवण्याची परवानगी घ्या, नाहीतर सहभागींना स्वतःचे लॅपटॉप आणायला सांगा. दुसरी, अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाकडे आहे. तो माणूस रविवारी गावाला गेला तर एकही संगणक कामाचा नाही. तिसरी, संगणक बंद करून चालू केला की सगळे पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर बसवले आहे का. असेल तर आदल्या दिवशी केलेली स्थापना सकाळी नाहीशी झालेली दिसेल.

चौथी वीज. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॉटचा. पंचवीस लॅपटॉप म्हणजे सुमारे १,६२५ वॉट, त्यात प्रोजेक्टरचे तीनशे. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर २३० व्होल्टला १,३८० वॉटच्या वर भार देता येत नाही. एका सॉकेटला एक्स्टेन्शन बॉक्स, त्याला दुसरा, त्याला तिसरा अशी साखळी केली की एमसीबी पडतो किंवा प्लग तापून वितळतो. भार किमान दोन वेगळ्या सर्किटवर वाटा, प्रोजेक्टर आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवा.

इंटरनेटवर सगळ्यांनी एकाच वेळी लिब्रेऑफिस उतरवायला घेऊ नये. विंडोजची फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास असते, म्हणजे पंचवीस जणांचे मिळून जवळपास नऊ जीबी. आदल्या रात्री चार-पाच पेनड्राइव्ह भरून ठेवा: विंडोजची अंतिम आवृत्ती, चाचणी आवृत्ती, लिनक्सचे संच, आणि नोटो सेरिफ देवनागरी व नोटो सेरिफ कन्नड हे मोफत फॉन्ट. उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइल पूर्ण आणि अबाधित आहे का ते सांगणारा सांकेतिक आकडा) अधिकृत चेकसमशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल पेनड्राइव्हवरून पंचवीस ठिकाणी गेली तर सकाळचा सगळा वेळ त्यातच जातो.

बाहेर लावायच्या फलकावर कन्नड मजकूर वर आणि मोठा घ्या, मराठी त्याखाली. २०२४ च्या कर्नाटकातल्या कायद्याने व्यावसायिक आस्थापनांच्या नामफलकांवर साठ टक्के कन्नड बंधनकारक केले आहे. एका दिवसाच्या फलकासाठीही तेच प्रमाण पाळले की कोणाला हरकत घ्यायला जागा राहत नाही आणि कन्नड भाषक मित्रही आत येतात. ते यायलाच हवेत. त्यांच्याशिवाय कन्नड मजकूर बरोबर दिसतोय की नाही हे सांगणार कोण? फलकावर प्रकल्पाचे चिन्ह घ्याल तेव्हा ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही ओळ नसलेले घ्या. त्या ओळीचे चिन्ह फाउंडेशनच्या स्वतःच्या वापरासाठी राखीव आहे.

दिवसाची आखणी

दहा वाजता सुरू, साडेदहापर्यंत स्थापना पूर्ण. सव्वाअकरापर्यंत प्रकल्पाची ओळख आणि एक प्रात्यक्षिक. तिथून एकपर्यंत दोन लिप्यांची चाचणी. पाऊण तास जेवण. पावणेदोन ते सव्वातीन दोषनोंदणी. मग तासभर भाषांतर, आणि शेवटची पंचेचाळीस मिनिटे बातमीचे लेखन. पाच वाजता उठायचेच, कारण जांबोटी-कणकुंबी भागातल्या मंडळींना बस गाठायची असते.

विंडोजवर मराठी मेनू हवे असतील तर स्थापनेच्या वेळी ‘टिपिकल’ सोडून ‘कस्टम’ निवडा आणि ‘अ‍ॅडिशनल यूजर इंटरफेस लँग्वेजेस’मध्ये मराठीवर खूण करा. बहुतेक जण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातात आणि नंतर मराठी मेनू सापडत नाहीत म्हणून तक्रार करतात. लिनक्सवर मराठीचा भाषासंच वेगळा बसवावा लागतो. अल्फा आणि बीटा आवृत्त्या नेहमीच्या लिब्रेऑफिसच्या शेजारी स्वतंत्रपणे बसतात, त्यामुळे जुने काम सुरक्षित राहते. रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीच्या अगदी आधीची चाचणी आवृत्ती, मात्र जुन्या आवृत्तीच्या जागी बसते. शाळेच्या संगणकावर ती विचारल्याशिवाय बसवू नका.

दोन लिप्यांची चाचणी

लिब्रेऑफिस लिप्यांचे तीन गट मानते: पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स. देवनागरी आणि कन्नड दोन्ही कॉम्प्लेक्स गटात येतात. अडचण इथूनच सुरू होते, कारण एका शैलीत (फॉन्ट, आकार, भाषा यांची एका नावाने साठवलेली मांडणी) कॉम्प्लेक्स गटासाठी फॉन्ट एकच आणि भाषाही एकच ठेवता येते. परिच्छेदाला देवनागरी फॉन्ट दिला की त्यातल्या कन्नड अक्षरांसाठी प्रोग्रॅम मिळेल तो दुसरा फॉन्ट उचलतो. अक्षरांची उंची बदलते, ओळींमधले अंतर विस्कटते, आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर आणखी वेगळी दिसते. शब्दलेखन तपासणीही गोंधळते. कन्नड शब्द मराठी समजून तपासले जातात.

उपाय शैलींचा. रायटरमध्ये (लिब्रेऑफिसचा लेखनाचा भाग) एफ११ दाबून शैलींची पट्टी उघडा. ‘मराठी मजकूर’ आणि ‘कन्नड मजकूर’ अशा दोन परिच्छेद शैली बनवा. पहिलीत फॉन्टच्या पानावर कॉम्प्लेक्स विभागात नोटो सेरिफ देवनागरी, आकार १२, भाषा मराठी. दुसरीत त्याच विभागात नोटो सेरिफ कन्नड, आकार १२, भाषा कन्नड. एकाच ओळीत दोन्ही लिप्या येत असतील तर याच धर्तीवर अक्षर शैली करा आणि ती फक्त तेवढ्या शब्दांना लावा. कॉम्प्लेक्स विभाग दिसत नसेल तर टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल या वाटेने जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करा आणि तिथेच मूळ भाषा मराठी ठेवा. शैलीत आकार बदलूनही अक्षरे हलत नाहीत अशी तक्रार हमखास येते. तो आकार पाश्चात्त्य विभागात बदललेला असतो.

भाषा हिंदी नको, मराठीच निवडा. ज्या फॉन्टमध्ये मराठीची वेगळी वळणे दिलेली आहेत, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी पद्धतीने उमटण्यासाठी मजकुराची भाषा मराठी असावी लागते. एकाच ओळीची भाषा आधी हिंदी आणि मग मराठी करून पाहिले की फरक डोळ्यांना दिसतो. सकाळच्या प्रात्यक्षिकाला हेच दाखवा.

आता प्रत्येक जोडीला एक फाइल करायला सांगा: एक मराठी परिच्छेद, एक कन्नड, एक मिश्र ओळ, आणि एक तक्ता ज्यात नावे दोन्ही लिप्यांत आहेत. मराठी परिच्छेदात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कार्यालय’, ‘क्षेत्र’, ‘ज्ञान’, ‘शृंगार’ हे शब्द हवेतच. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला फरक टिकतो का ते पाहायचे आहे. कन्नड परिच्छेदात अर्कावत्तू, म्हणजे रफाराची व्यंजनानंतर येणारी खूण असलेले शब्द घ्या. मग ती फाइल चार वाटांनी न्या: ओडीटी (रायटरची स्वतःची फाइल) म्हणून जतन करून दुसऱ्या संगणकावर उघडा, डॉकएक्स (मायक्रोसॉफ्ट वर्डची फाइल) म्हणून जतन करून पुन्हा उघडा, पीडीएफ काढून त्यातला मजकूर कॉपी करून रिकाम्या पानावर चिकटवा, आणि तक्ता कॅल्कमध्ये (आकडेतक्त्यांचा भाग) नेऊन डेटा, सॉर्टच्या पर्यायांत एकदा मराठी आणि एकदा कन्नड भाषा निवडून नावे लावा. प्रत्येक वाटेवर काय बदलले ते कागदावर टिपा. स्मरणावर विसंबले तर दुपारी तपशील सुटतात.

एक गोष्ट दोषात धरू नका. श्री-लिपी किंवा नुडीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमधला, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची आजची समान संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर लिब्रेऑफिसमध्ये निरर्थक खुणांसारखा दिसतो. त्या फाइलीत मुळात देवनागरी किंवा कन्नड नसते, इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रे असतात. तिला रूपांतरक लागतो आणि रूपांतरानंतर माणसाने वाचून तपासावे लागते. बेळगावच्या छापखान्यांत पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या अशा फाइलींचे ढीग पडलेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न निघणारच. पेजमेकरची फाइल लिब्रेऑफिस उघडते, पण जुन्या फॉन्टचा मजकूर जसाच्या तसा राहतो.

दोषनोंदणी

प्रकल्पाची दोषनोंद बगझिला या प्रणालीवर होते. खाते प्रत्येकाने घरीच, मेळाव्याच्या दोन-तीन दिवस आधी उघडावे. भाषांतरासाठी वेबलेट या संकेतस्थळावर लागणारे खातेही तसेच. एकाच जोडणीवरून वीस खाती एका तासात उघडायला गेले की प्रणाली अडवू शकते, आणि पुष्टीची मेल कोणाच्या तरी स्पॅममध्ये जाऊन बसते.

नोंद करण्यापूर्वी हेल्प मेनूतून ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ करून पाहा. तिथे अडचण नाहीशी झाली तर दोष त्या संगणकावरच्या मांडणीत आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही. मग तीच तक्रार आधी कोणी नोंदवली आहे का ते शोधा. नसेल तर नवी नोंद करा, एका दोषाला एक नोंद. त्यात आवृत्तीची माहिती टाइप करू नका. हेल्प, अबाउटमध्ये ती कॉपी करण्याचे बटण आहे, त्याने घेतलेली माहिती चिकटवा. पायऱ्या क्रमाने लिहा, काय व्हायला हवे होते आणि काय झाले ते वेगळे लिहा, फॉन्टचे नाव द्या, आणि लहानात लहान नमुना फाइल जोडा. साठ पानांचा अहवाल जोडू नका. दोष दिसणारी एक ओळ पुरे. वाचणाऱ्याला कन्नड किंवा मराठी येत नाही हे ध्यानात ठेवून चुकीचे आणि बरोबर असे दोन्ही रूप चित्रात शेजारी दाखवा, चुकीच्या अक्षराभोवती लाल वर्तुळ काढा. इंग्रजी साधे, तोडक्या वाक्यांचे चालते.

जोडलेली फाइल सगळ्या जगाला दिसते. आधार क्रमांक, मतदार यादी, सातबारा, खऱ्या सभासदांची नावे असलेला तक्ता कधीही जोडू नका. नमुन्यासाठी काल्पनिक नावे घाला.

नवी नोंद ‘अनकन्फर्म्ड’ अवस्थेत पडते आणि दुसऱ्या कोणी तोच दोष स्वतःच्या संगणकावर पाहून पुष्टी दिल्यावर ‘न्यू’ होते. स्वतःच्या नोंदीला स्वतः पुष्टी द्यायची नसते. मेळाव्याचा मोठा फायदा इथे मिळतो: जोडीदार विंडोजवर असेल तर शेजारच्या लिनक्सवाल्याने तीच फाइल उघडून पाहावी आणि काय दिसले ते लिहावे. एरवी महिनोन्‌महिने पडून राहणारी नोंद त्याच दुपारी पुढे सरकते. पाच पक्क्या नोंदी झाल्या तरी दिवस उत्तम गेला असे समजा.

भाषांतर

मराठी भाषांतराला तासभर देताना आधी शब्दसूची पडद्यावर लावा. ‘टेबल’ला एकाने तक्ता, दुसऱ्याने सारणी, तिसऱ्याने कोष्टक लिहिले तर मेनू वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. पूर्वीच्या भाषांतरात जो शब्द आहे तो पटला नाही तरी तोच वापरा, बदलायचा असेल तर सगळीकडे एकदम बदलण्याचा प्रस्ताव मांडा. टक्के किंवा डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे तुकडे जसेच्या तसे ठेवायचे. तिथे प्रोग्रॅम चालताना नाव किंवा आकडा बसतो. एक चिन्ह गळाले तरी वापरणाऱ्याला अर्धवट वाक्य दिसते. नव्या माणसाने थेट जतन करण्याऐवजी ‘सूचना’ म्हणून नोंद करावी आणि जुन्या जाणकाराने ती तपासावी. बेळगावी बोलीचा गोडवा बोलताना ठेवू या, मेनूत प्रमाण मराठीच बरी, कारण तोच मेनू विदर्भातल्या शाळेतही उघडतो.

बातमी

बातमी मेळाव्यातच लिहून पूर्ण करा. घरी गेल्यावर लिहू म्हटले की ती राहते. तीन मजकूर लागतात: स्थानिक वृत्तपत्रांसाठी मराठीत दोन-अडीचशे शब्द, कन्नड वृत्तपत्रांसाठी तेवढेच कन्नडात, आणि प्रकल्पाच्या जागतिक बातमीपत्रासाठी इंग्रजीत दीडशे शब्द. पहिल्या दोन वाक्यांत कुठे, कधी, किती जण आणि काय निष्पन्न झाले हे आले पाहिजे. उद्घाटन कोणी केले, स्वागत कोणी केले, आभार कोणी मानले ही यादी गावाकडच्या बातमीत नेहमी वर येते. ती शेवटच्या परिच्छेदात न्या. जगातल्या वाचकाला दोषनोंदींचे क्रमांक आणि तपासलेल्या आवृत्तीचे नाव हवे असते.

वृत्तपत्राला मजकूर मेलच्या अंगात युनिकोडमध्ये द्या आणि सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करताना अक्षर बिघडले तर मूळ काय होते ते त्यांना पाहता येईल. छायाचित्रे वेगळी जोडा, रायटरच्या फाइलीत चिकटवून पाठवू नका. कोणी तशी पाठवलीच तर ओडीटी फाइलीची प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटचे .odt बदलून .zip करा आणि उघडा. ‘पिक्चर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये चित्रे मिळतात. दोन छायाचित्रे पुरतात, एक सगळ्यांचे आणि एक काम करतानाचे, दोन्ही आडवी. फोटोतल्या प्रत्येकाला विचारा. शाळकरी मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका. संगणकाच्या पडद्यावर कोणाचे पासवर्ड किंवा मेल दिसत नाही ना, तेही पाहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचे बातमीपत्र ए५ पानावर १२ आकाराच्या अक्षरात करा, मोबाइलवर न ताणता वाचता येते. पीडीएफ काढताना ‘हायब्रिड पीडीएफ’वर खूण करा. मग त्याच पीडीएफमध्ये ओडीटीही राहते आणि पुढच्या गावच्या मंडळींना लिब्रेऑफिसमध्ये ती उघडून मजकूर बदलता येतो.

मोठ्या परिषदेत बोलायचे असेल तर

दोन लिप्यांच्या चाचणीतून निघालेले काम हाच भाषणाचा उत्तम विषय आहे. जागतिक परिषद सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते आणि प्रस्ताव काही महिने आधी मागवतात. प्रस्तावात दीडशे शब्दांत प्रश्न, केलेले काम आणि ऐकणाऱ्याला काय मिळेल ते लिहा. अर्ध्या तासाच्या भाषणाला वीस मिनिटे बोलणे आणि दहा मिनिटे प्रश्न धरा. पडद्यावर दाखवायची पंधरा पाने पुरे. परिषदेच्या संगणकावर आपले फॉन्ट नसतील हे गृहीत धरून इम्प्रेसमध्ये (सादरीकरणाचा भाग) फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्टमधून फॉन्ट फाइलीतच बसवा आणि सोबत पीडीएफही न्या. प्रवासखर्चाची मदत फाउंडेशनकडे आधी अर्ज करून मागता येते. तिकीट काढून मग विचारू नये. परिषद शेंगेन देशात असेल तर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण मे ते सप्टेंबर भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून प्रस्ताव मंजूर झाल्याच्या आठवड्यातच ती घ्या. आशियाची परिषद यापेक्षा सोपी आणि स्वस्त पडते. २०२३ साली ती इंडोनेशियातल्या सुराकार्ता शहरात उबुकॉन एशिया या उबुंटू लिनक्सच्या परिषदेबरोबर झाली होती. अनेक लिप्यांत काम करणारी माणसे तिथे भेटतात, आणि पहिल्यांदा बोलणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.